प्लगच्या आतली टोकं

२ नोव्हें., धुळे
दिवसभर थोरल्या भावाकडे, नानांकडे. त्यांचा गाण्यांचा ॲम्प चालू, पण त्याच्या पाठीमागे मी करून दिलेली पॉवर केबल नाही. कंपनीची बारीक काळी वायर. विचारलं. नाना म्हणाले, "काही नही रे, बठ्ठं ठीक शे. तू चहा ले." वहिनी आतून, "सांगा ना त्याला खरं! दसऱ्यापासून जळका वास येत होता." नानांनी तिकडे असं पाहिलं की...
माझी केबल मागून घेतली. प्लगची एक बाजू तपकिरी पडलीय. म्हणजे इतके दिवस मला कळू दिलं नाही. का, ते विचारलं नाही.

३ नोव्हें., जळगाव
प्लग करवतीने कापला. कुणी उघडून हात घालू नये म्हणून मीच चिकटवून बंद केलेला. फेजचा स्क्रू बोटाने फिरला. मी आवळून घट्ट केला होता, यात शंका नाही. दोष तिथे नाहीच. तारेच्या टोकाला सोल्डर, म्हणजे वितळवलेलं कथील, पाजलं होतं, सगळे धागे एकजीव, चकचकीत. त्याचे फोटो पाठवायचो लोकांना! पण सोल्डर मऊ. स्क्रूखाली दबत जातं, पसरतं, पकड सुटते, मग तापतं.
प्लगसोबतच्या कागदावर छापलं होतं, टोकांना सोल्डर लावू नये. वाचलं होतं. नवशिक्यांसाठी असेल म्हणून टाकून दिला.
अशीच दुसरी केबल भुसावळला, माझ्या धाकट्या दोस्ताकडे, प्रमोदकडे.

४ नोव्हें.
प्रमोदला फोन. म्हणालो, केबलमध्ये जरा सुधारणा करायचीय. तो, "आता हात लावू नका भाऊ, फक्कड वाजतंय."
सुधारणा म्हणालो. दुसरा शब्द तोंडातून निघेना.
हिने ऐकलं. "वासाचं सांगितलं का त्याला?"
"सांगतो."
"कधी? त्याच्या घरात वास आल्यावर?"

५ नोव्हें.
पुन्हा फोन. सरळ सांगितलं, माझी चूक झाली, केबल काढून ठेव. तो हसायलाच लागला. "तुम्ही आणि चूक! दुसऱ्या कुणाला द्यायचीय म्हणून परत मागताय ना? नाही मिळणार."
पंधरा वर्षं सगळ्यांना हेच ऐकवलं, की माझ्या हातून चूक होत नाही. आता पटत नाही त्याला.
नवी केबल करायला घेतली. सोल्डर नाही. टोकावर फेरूल, म्हणजे तांब्याची बारीक नळी, फेरूलच्या खास पक्कडीने दाबून. ओढून पाहिली. पुन्हा ओढून पाहिली.

७ नोव्हें., भुसावळ
प्रमोदच्या क्वार्टरवर गेलो. तो शेजाऱ्याला बोलावून ॲम्प दाखवत होता, "हे भाऊ. केबल यांच्याच हातची." प्लगला हात लावला. कोमट.
"गाणी दोन तास चालू आहेत भाऊ, होणारच की."
मग नानांचा कापलेला प्लग पिशवीतून काढून त्याच्या हातात दिला. बराच वेळ उलटसुलट पाहत राहिला. हसणं बंद. स्वतःच बटण बंद केलं, केबल उपसली. शेजारी उठून गेला.
प्रमोद म्हणाला, "खोलीतला स्विचबोर्डही तुम्हीच जोडून दिला होता ना?"
हो म्हणालो. त्यात सोल्डर नाही, हेही म्हणालो. त्याने मान हलवली, पण नजर बोर्डावरच.
नवी केबल पुढे केली. हातात घेतली त्याने. मग अगदी हळू, मला वाईट वाटू नये अशा आवाजात,
"भाऊ, ही कुणाला दाखवून आणलीय का?"
दाखवून? मी? कुणाला...
केबल टेबलावर ठेवून निघालो. लावेल का, माहीत नाही.