ढोल्यातला कोंडा

बा, नाही, मले त्या गाडीचा हेवा नाही वाटत. कोणी विचारलं नाही, पण सांगून ठेवतो. नाही तं तुझा नातू, म्हणजे माहा पोरगा, गावभर सांगल का बुढ्याचं पोट दुखून राहिलं. पांढरी, म्हशीएवढी गाडी. मित्राची मागून आणली, एका दिवसासाठी. फाटकातून घुसत नव्हती तं कुंपण तोडलं. कायले? तं माह्या नातवाचं घर पाहाले पवनीकडचे पाहुणे येणार होते. पोट्टा राईस मिलमध्ये मोटरा दुरुस्त करते, हात चांगला हाय, दारू पित नाही. पण त्याच्या बापाले तेवढं पुरत नाही. "गाडी आपलीच म्हणायची," म्हणे.

मले तुझा धान साठवाचा ढोला आठवला. बांबूचा, शेणामातीनं लिपलेला, माणसाच्या वर उंच. त्या साली धानाले रोग लागला अन् नेमके तवाच माह्यासाठी बपेऱ्याहून सोयरे येणार. तवा लोक आधी ढोला पाहात, मंग पोट्टा. तू मले पायटेच उठवलं. दोघांनी ढोल्यात गळ्यापर्यंत कोंडा भरला, वरून पोतं अंथरलं, पोत्यावर चार टोपले धान. मी म्हणलो, "बा, सुनेले कोंडाच खाऊ घालायचा का?" तू टोपल्यानंच हाणलं मले. "तोंड शिव. घराची इज्जत हाय." पाहुणा येते, ढोल्यावर थाप मारते, आत हात घालते, एक दाणा दातानं फोडून पाहाते. "कळवतो," म्हणते. तू छाती फुगवून उभा. चार दिवसांनी होकार आला, अन् मंग मरेपर्यंत हरेक लग्नाच्या पंगतीत तुझं एकच, "माह्या ढोल्यानं सून आणली."

ढोल्याले वाळवी लागली, बा. कधीचाच गेला. सून अजून हाय, तिले काही वाळवी लागत नाही.

मीबी शहाणा नाही. गल्लीतला पहिला रंगीत टीव्ही मीच आणला, अन् महिनाभर दार उघडं ठेवून पाहिला, लोकाले दिसला पाहिजे म्हणून. आता त्याच्या खोक्यात कोंबडी अंड्यावर बसते.

तं रविवारी काय झालं, तुह्या सुनेले गाडीचं समोरचं टोपण सपाट अन् तापलेलं दिसलं. तिनं त्यावर जुनं लुगडं पसरलं अन् लाखोळीच्या डाळीच्या वड्या वाळाले टाकल्या. पोरगा बोंबलला, "माय, गाडी लोकाची हाय!"

"मंग? लोकाची गाडी तापत नाही का?"

तेवढ्यात पाहुणे आलेच. पोरीचा बाप गाडीभोवती फिरला, वड्या पाहिल्या अन् खुश. "याले म्हणते भरलं घर! मागून आणलेल्या गाडीवर कोणी वड्या टाकते का?" माह्या पोराची छाती फुगली, बा. अशीच, तुह्यासारखी. कोणी शिकवलं नाही त्याले. मी वड्या मोजत बसलो.

पोह्याच्या प्लेटा हातात होत्या अन् नातू उभा राहिला. "मामाजी, गाडी माही नाही. सांजेले वापस द्यायची हाय. माही सायकल हाय, ते मांगं उभी."

 पोरीच्या आत्यानं विचारलं, "अन् वड्या?"

"वड्या आमच्या हायत."

आत्या एवढी हासली का पोहे नाकात गेले. बाप काही हासला नाही. चहा पिला, "कळवतो," म्हणून गेला. गाडीबी गेली. आंगणात चाकाचे दोन खड्डे राहिले, त्यात कोंबड्या लोळते. दोन दिवस पोरगा माह्यावरच भडकून होता. "तुमीच फूस लावली त्याले. आता पोरगी गेली हातची." नातूबी जेवत नव्हता. तिसऱ्या दिवशी आत्याचा फोन आला. होकार हाय म्हणे, अन् येताना वड्या घेऊन या.

आता फूस लावली का? लावली, बा. शनिवारी तळ्यावर बैल धुता धुता पोट्ट्यानं विचारलं, "आबाजी, खोटं बोलू का?" तवा मी त्याले जे सांगतलं ते तुले कधी सांगतलं नव्हतं. तू मले त्या पाहुण्याले बसपर्यंत पोचवाले पाठवलं होतं ना, तं तळ्याच्या पाळीवर मी त्याले म्हणलो, "मामाजी, ढोल्यात कोंडा हाय."

तो म्हणे, "माहीत हाय. बोटाले पोतं लागलं होतं. बस येईपर्यंत तू सांगते का नाही, तेच पाहून राहिलो होतो."

सून ढोल्यानं नाही आणली, बा. तू होता तवा बोललो नाही, कारण पंगतीत तुही फुगलेली छाती मले बरी वाटे. हा कागद कुठं पाठवू? वड्याच्या डब्याखाली ठेवतो. बस झालं. आता एक अक्षर लिहित नाही.