गणिताच्या सरांविरुद्ध तक्रार

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (गुडघा धरला आहे, त्यामुळे तूर्त उभ्यानेच मानून घे). तुझी तब्येत, भाचीबाईंचा नवा फ्लॅट आणि जावईबापूंचं घोरणं, सगळं ठीक असेलच. मी उत्तम आहे. एकटा माणूस उत्तमच असतो, कारण तो उत्तम नाही असं म्हणणारं घरात कोणी नसतं.

तू निवृत्त होऊन लेकीकडे गेलीस आणि शाळेने तुझ्या जागी कोणाला न घेता तुझं गणित माझ्या विज्ञानाला जोडून टाकलं, हे तुला ठाऊक आहेच. पुढचं ऐक. मध्यंतरी वरून हुकूम आला की गणित आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी दर आठवड्याला एकत्र बसून पाठ आखावेत आणि एकमेकांच्या चुका दाखवाव्यात. मी मुख्याध्यापिकाबाईंना नम्रपणे सांगितलं की ते दोघेही मीच आहे. त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “मग एकत्र यायला अडचण काय?” तेव्हापासून दर गुरुवारी शाळा सुटल्यावर मी प्रयोगशाळेत माझ्यासोबत बसतो. शिपाईमामा दोन कप चहा आणतात (बैठक म्हणजे दोन कप, हा त्यांचा हिशेब पक्का आहे) आणि दोन्ही मलाच प्यावे लागल्याने पित्त खवळतं. बाकी चर्चा खेळीमेळीत होते, मतभेद औषधालाही नसतात. सुरुवातीला मला याचं फार सुख वाटलं. तुझ्याबरोबर असं एकदा तरी झालं होतं का? माझा तास रंगात आला की तू खिडकीवर टकटक करून “दशांश चिन्ह!” म्हणून ओरडायचीस आणि अख्खा वर्ग खिदळायचा.

तर परवाचा घोळ असा. नववीला विज्ञानाच्या तासाला सायकलच्या प्रवासाचा आलेख काढला, खाली वेळ आणि उभ्या बाजूला अंतर. रेघ जितकी आडवी तितकी सायकल वेगात, हे झकास समजावलं आणि विचारलं, या रेघेचा चढ किती? सगळे वह्यांत तोंड घालून बसले. शेवटी पुढच्या बाकावरची एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, “सर, चढ गणितात असतो. तिथे क्ष आणि य असतात. इथे तर सायकल आहे.” माझं डोकंच फिरलं. “गणिताचे सर तुम्हाला शिकवतात तरी काय?” असं मी गरजलो (तुझ्या काळात हे वाक्य उच्चारायची माझी छाती नव्हती). मुलगी अगदी हळू आवाजात म्हणाली, “सर, ते तुम्हीच ना?”

ताई, कोणी हसलंसुद्धा नाही. त्यांना माझी दया आली.

गुरुवारी बैठकीत हा विषय घेतला. विज्ञानवाल्याने गणितवाल्याला चांगलं फैलावर घेतलं. गणितवाला मुकाट बसून राहिला, त्याला तुझं तोंड कुठून येणार? दुसरा कप तसाच गार झाला आणि मला एकदम फार एकटं वाटलं. दोन विषय एकाच डोक्यात राहतात आणि एकमेकांची विचारपूससुद्धा करत नाहीत, त्यात पोरांचं नुकसान होतं आहे. असो. तू काळजी करू नकोस, बाकी मजेत चाललं आहे.

तुझा आज्ञाधारक भाऊ
(आज्ञा करणारं जवळ नसल्यामुळे हल्ली फारच आज्ञाधारक)

ता. क. : गुरुवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास फोनवर बसशील का? फोन दुसऱ्या कपाला टेकवून ठेवीन. क्ष, य आणि सायकल एकच आहेत हे नववीला पुन्हा शिकवायचं आहे, आणि सुरुवात कुठून करावी ते एकट्याला सुचत नाही.

आणखी ता. क. : वर ‘मजेत’ लिहिलं आहे, ते वाचू नकोस.

शेवटचं ता. क. : सायकलच्या रेघेबद्दल मी वर चक्क उलटं लिहिलं आहे. वर्गातही तसंच सांगून बसलो आणि कोणी टकटक केली नाही. आत्ता पत्र परत वाचताना दिसलं, पण खोडलं नाही. ओरडायला तरी फोन करशील.