बेबीला कोण सांभाळणार

१ जून ७६, तासगाव
बाळंतपणाची रजा संपत आली. पंधरवड्यात शाळा. बेबीला कोण सांभाळणार? कोरेगावहून दादा येऊन गेला. "पोरगी आमच्याकडं ठेव, तुझी वहिनी बघंल." चांगल्या मनानं म्हणाला. पण अंगावर पिणारं लेकरू... नको म्हटलं. नोकरी सोडली तर खायचं काय? नवरा, म्हणजे द., मदुराईला. सोनं गाळायचं दुकान, दुसरी बाई, सगळं तिकडंच. बेबीचं तोंडही पाहिलेलं नाही.

५ जून
सांगलीत वकिलांकडे. पोटगीच्या अर्जावर सही. म्हटलं, मला पगार आहे, मग कोर्ट देईल का? "तुमचं राहू द्या बाई. पोरीचं बापाला द्यावंच लागेल."

९ जून
दारात सासूबाई! विट्याहून एस.टी.नं, काखेत बोचकं.
"आत्या, तुम्ही?"
"व्हय. शाळा सुरू हुनार न्हवं? मग पोरीला कोण बघनार?"
चहासुद्धा घ्यायच्या आधी तेल मागितलं. पाय लांब करून बेबीला पायावर घेतलं. काय हसत होती कार्टी.
द.नंच पाठवलं असेल का? पोर उचलून न्यायला? नको ते मनात येतं.

१४ जून
पहिला दिवस. फळ्यावर काय लिहिलं, देव जाणे. मधल्या सुट्टीत घरी पळाले. दाराला कुलूप. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मघाशीच गेल्या की पोरीला घेऊन." तशीच स्टँडवर. विट्याची गाडी लागलेली. चढून एकेक तोंड पाहिलं. नाहीत.
रडत शाळेत परतले, तर फाटकाशी लिंबाखाली आत्या. पदराआड बेबी.
"कुठं हिंडतीस गं? भुकेनं कळवळली पोर."
तिथंच पाजलं. आत्यांनी माझ्याकडं बघितलं. "भ्यालीस व्हय?" एवढंच. मग माझं तोंड पुसलं, बेबीचं पुसतात तसं.
हेडबाई खिडकीतून बघत होत्या. संध्याकाळी म्हणाल्या, "उद्यापासून माझ्या खोलीत पाजत जा."

८ जुलै
सांगली कोर्ट. आत्या बरोबर. द. आला होता. वाळलाय. त्याचा वकील म्हणाला, दुकान ह्याचं नाही, हा तिथं नोकर.
बाहेर व्हरांड्यात आत्यांनी बेबी त्याच्यापुढं केली. "धर." धरली. तिनं त्याच्या कॉलरला हात घातला तो सोडेना. "नाव काय ठिवलंय?" मला नाही, आईला विचारलं. राग यायला हवा होता. आला नाही. मी दुसरीकडं बघत राहिले.
आमचे वकील आत्यांना म्हणाले, "दुकान कोणाचं, पुढच्या तारखेला सांगाल का?" आत्यांनी बेबीला परत काखेत घेतलं.
परतताना एस.टी.त म्हणाल्या, "रान इकून म्याच घालून दिलं गं त्याला दुकान."

१८ जुलै, रविवार
आत्या सकाळच्या गाडीनं विट्याला. "जरा घरी जाऊन येते." कधी येणार, विचारलं नाही. साक्षीचं तर नाहीच. पोटच्या पोराविरुद्ध उभ्या राहा, हे मी कुठल्या तोंडानं म्हणू? उद्यापुरतं काकू बघतील.
बेबी दिवसभर दाराकडं बघून हुं हुं करतेय. आत्यांचं एक लुगडं दोरीवरच राहिलंय. विसरल्या, की ठेवून गेल्या?
काढलं, बेबीच्या अंगाखाली घातलं. लगेच झोपली.