रेघेवरच्या माणसाला मोजून घेणेबाबत

प्रति,
मा. निरीक्षक साहेब,
सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालय,
सोलापूर.

अर्जदार: मल्लिकार्जुन गुरप्पा हत्तुरे, टॉवेल कारखान्यात माल बांधणीस, सभासद व रेघा आखणारा, सिद्धनाथ फुटबॉल संघ, सोलापूर.

विषय: संघ दुसऱ्याच्या ताब्यात देण्याच्या प्रश्नावर मैदानाच्या मधल्या रेघेत अडकलेल्या अर्जदाराची सुटका होणेबाबत.

संदर्भ: संघाच्या घटनेतील सातवा नियम.

महोदय,

उपरोक्त विषयी अर्जदार हात जोडून कळवितो, ते असे:

१. सिद्धनाथ फुटबॉल संघ हा आपल्या कार्यालयात रीतसर नोंदलेला आणि मैदानावर रीतसर हरणारा संघ आहे. गेल्या हंगामात संघाच्या नावावर एकच गोल लागला. तोही समोरच्या गड्याने गडबडीत स्वतःच्याच जाळ्यात मारला. दोन खेळाडूंत बुटांचा एक जोड असल्याने बदली गडी आत गेला की बाहेर येणारा अनवाणी येतो. तरीही दर रविवारी माणसे जमतात, घसा बसेपर्यंत ओरडतात आणि सोमवारी कारखान्यात खुणांनी बोलतात. आमच्याकडे जो नेमाने ओरडतो तो सभासद, आणि खेळणाऱ्यालाही मत आहे. अर्जदार हा मैदानावर चुन्याची फक्की टाकून रेघा आखतो. हे काम त्याला वडिलांकडून आले असून ते बिनपगारी आहे.

२. संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरण्याच्या थोडे आधी माळशिरसचे पोल्ट्रीवाले बाळासो वाघमोडे यांनी संघ आपल्या ताब्यात मागितला. ते हिरवळीचे मैदान देणार, शिकलेला प्रशिक्षक देणार, मुलींच्या संघाला वसतिगृह देणार. त्या बदल्यात संघ माळशिरसला जाणार, सिद्धनाथाच्या जागी कोंबडीखाद्याचे नाव लागणार आणि इथले मैदान कायमचे सुटणार. नकार दिला तर मुलांचा संघ रडतखडत एखादा हंगाम काढेल, मुलींचा मात्र आताच बंद होईल, असे सचिव गुरुशांत यांनी भर सभेत सांगितले. अर्जदाराची मुलगी काव्या ही मुलींच्या संघाची गोलरक्षक आहे. हे वाक्य अर्जदाराने मुद्दाम साधे लिहिले आहे, कारण जास्त लिहायला गेले की हात थांबतो.

३. आमच्याकडे मत हात वर करून घेत नाहीत. जुन्या काळी एकदा हात मोजताना मारामारी झाली होती. तेव्हापासून सातवा नियम आहे. शिट्टी वाजली की होकारवाल्यांनी चिंचेकडच्या अर्ध्या मैदानात उभे राहायचे, नकारवाल्यांनी भिंतीकडच्या. ज्याचे ठरले नाही त्याने मधल्या रेघेवर. ज्या बाजूला एक डोके जास्त, तिचा निकाल. बरोबरी झाली तर पुढच्या रविवारी सगळ्यांनी पुन्हा आपापल्या जागी. बाजू बदलता येते, पण सर्वांच्या देखत रेघ ओलांडून चालत जावे लागते. त्या लाजेने आजवर कोणी बदललेली नाही. निकालाचा ठराव आपल्या कार्यालयात नोंदला गेला की तो पक्का होतो.

४. आता अर्जदार रेघेवर कसा आला, ते सांगणे भाग आहे. मत घ्यायच्या पहिल्या रविवारी सभा लवकर सुरू झाली. अर्जदार फक्कीचा डबा घेऊन, कंबरेत वाकून, मधली रेघच आखत होता. पाठीमागे शिट्टी वाजली. मान वर केली तो दोन्हीकडे माणसे उभी, आणि गुरुशांत यांनी टिपून घेतलेले, "मल्लिकार्जुन रेघेवर." अर्जदाराने आपण मत देत नसून काम करीत असल्याचे सांगितले. त्यावर सचिवांचे उत्तर असे, "नियम म्हंजे नियम की मल्लू. रेघंवर घावला तो रेघंचा. तुला कुटं जायचं तितं जा, कोन आडवतंय?" दुर्दैवाने दोन्ही बाजूंची डोकी सारखी भरली. म्हणजे अख्ख्या संघाचे काय व्हायचे ते एका फक्कीवाल्याच्या पायावर आले.

५. तेव्हापासून अर्जदाराचे जिणे मुश्कील झाले आहे. भिंतीकडच्यांचा म्होरक्या भारत हा अर्जदाराचा लहानपणापासूनचा मित्र. दोघांच्या वडिलांनी गिरणी सुटल्यावर मिळून या मैदानातले दगड वेचले होते. तो दर रविवारी हाक मारतो, "मल्ल्या, लई उभा राहिलास. ये हिकडं. तुज्या बाचं मैदान हाय हे." चिंचेकडची पोरे नुसती बघतात, आणि त्यांत काव्या असते. चहावाला म्हणतो, आधी ठरवा, मग साखर टाकतो. पत्नी महेश्वरी हिला संघात मत नाही, पण घरात आहे. तिने अर्जदाराचे ताट सोप्यात किंवा स्वयंपाकघरात वाढणे बंद करून मधल्या उंबऱ्यावर ठेवायला सुरुवात केली आहे. म्हणाली, "तुमाला मदीच बसायला आवडतंय न्हवं? बसा." गेल्या रविवारी सभा चालू असताना अर्जदाराच्या पायाला मुंग्या आल्या. एक पाय जरा झटकला तर दोन्ही बाजूंनी माणसे पुढे सरसावली. आता अर्जदार झोपेतही पाय हलवायला भितो.

६. साहेब, आपल्यापासून काय लपवायचे? अर्जदाराचे ठरलेले नाही, हे खोटे आहे. कुठे जायला हवे ते त्याला पहिल्या शिट्टीलाच कळले होते. मुलगी ज्या बाजूला उभी आहे त्या बाजूला. पण पाय निघत नाही. भारत तोंड फिरवील, हे एक. दुसरे असे की, माळशिरसच्या हिरवळीवर रंगाने मारलेल्या पक्क्या रेघा असतात. तिथे फक्की लागत नाही. रविवारी सकाळी वाकून आखलेली रेघ मागे वळून बघितली की आठवडाभराचा शीण जातो, एवढेच एक काम अर्जदाराला जगात नीट येते. ते जाईल याची त्याला भीती वाटते, आणि मुलीच्या खेळापुढे ही भीती मोठी वाटते याची शरम वाटते. म्हणून विनंती की, होकार द्या असा हुकूम आपणच आपल्या सहीने काढावा. मग भारत कागदावर चिडेल, अर्जदारावर चिडणार नाही, आणि अर्जदाराला जावे लागले म्हणून जाता येईल.

(येथवर मजकूर शनिवारी लिहिला. कचेरी बंद असल्याने सोमवारी दाखल करायचा होता. पुढील मजकूर रविवारचा आहे. पुन्हा सगळे स्वच्छ अक्षरात उतरवून काढण्याचे त्राण नाही, तरी खाडाखोड माफ असावी.)

७. आज सभा भरली. गुरुशांत यांनी शिट्टी तोंडात धरली होती, अजून वाजवली नव्हती. तेवढ्यात काव्या चिंचेकडून निघाली. हातात गोलरक्षकाचे हातमोजे होते. ती चालत रेघेपाशी आली तेव्हा अर्जदाराला वाटले, बापाजवळ उभी राहायला येते आहे. त्याला बरे वाटले, हेही लिहून ठेवतो. ती जवळून जाताना हळू आवाजात म्हणाली, "अप्पा, साकु आता." कानडीत साकु म्हणजे पुरे. मग तिने रेघ ओलांडली आणि भिंतीकडे जाऊन भारतच्या शेजारी उभी राहिली. तिचा पाय पडला तिथे अर्जदाराची फक्की पुसली गेली. भारतने मान खाली घातली. शिट्टी वाजली, नकाराची डोकी जास्त भरली आणि माणसे घरी गेली. जिंकलेली माणसे इतकी गुपचूप घरी जाताना अर्जदाराने कधी पाहिली नव्हती.

८. साहेब, तिला नकार नको होता. तिला फक्त बाप रेघेवरून सुटायला हवा होता. बाप सुटला. मैदान राहिले, फक्कीचा डबा राहिला, सगळे अर्जदाराच्या मनासारखे झाले, आणि ते त्याला गिळवत नाही. महेश्वरी आता भाकरी घेऊन मैदानावर आली आहे. पोरीने हातमोजे धुऊन वाळत घातले आणि कुणाला उपयोगी पडतील त्याला द्या म्हणाली, असे तिने सांगितले. उंबऱ्यावर ताट वाढताना महेश्वरी रागावलेली होती. आता ती रागावलेली नाही, आणि ते जास्त लागते.

९. माणसे गेल्यावर अर्जदार रेघेवरून निघाला आणि चिंचेकडच्या अर्ध्या मैदानात जाऊन उभा राहिला. एवढे सोपे होते. पण शिट्टी वाजून गेलेली, मोजायला कोणी नाही. अर्जदार तिथेच उभा राहून हा अर्ज लिहीत आहे. नुसते आता मोजले तरी होकार एका डोक्याने कमीच पडतो, हे त्याला समजते. म्हणून त्याचे पाऊल पहिल्या रविवारचे धरावे. ते तेव्हाच पडायला हवे होते, पडले असते तर निकाल तेव्हाच लागला असता आणि मुलीला ओलांडायला रेघच उरली नसती. असा नियम नाही, हेही अर्जदार जाणतो. तरी नकाराचा ठराव नोंदण्याआधी आपण किंवा आपल्या कचेरीतील कोणीही, शिपाईसुद्धा चालेल, एकदा मैदानावर येऊन हे एक डोके मोजावे.

१०. वरील विषयात सुटकेची मागणी आहे, ती अर्जदार मागे घेत आहे. हा अर्ज त्याने स्वतः येऊन द्यायला हवा होता, पण जागा सोडली तर पुन्हा कोणी म्हणेल, तो इथे नव्हताच. करिता अर्ज उद्या कचेरीत देण्यासाठी पत्नीच्या हाती पाठवीत आहे. ती निघायला उभी आहे, भाकरीचे फडके तिने इथेच ठेवले आहे आणि पोरीला काही सांगू का, असे विचारले. अर्जदाराने सांगितले की, मी चिंचेकडे उभा आहे एवढेच सांग.

आपला,
होकाराच्या बाजूस उभा असलेला,
मल्लिकार्जुन गुरप्पा हत्तुरे
(सही)

ठिकाण: मैदान, चिंचेकडची बाजू
दिनांक: रविवार, १६ फेब्रुवारी २०२५, दिवस मावळताना

सोबत: मैदानाचा हाताने काढलेला नकाशा. अर्जदाराची जागा फुलीने दाखवली आहे. मधली रेघ एका ठिकाणी पुसलेली आहे, ती तशीच दाखवली आहे.