झोंबा ते ब्लांटायर, आणि परत

सोमवार, ५ मे

अखेर खुर्ची मिळाली. ब्लांटायरच्या मुख्य कचेरीत एकवीस वर्षं दुसऱ्यांची जाळी सांभाळली. आता झोंबाच्या डोंगरावरचं सगळं इंटरनेट माझ्या हाताखाली. फाटकावरचे पहारेकरी चे सैदी यांनी ओंजळीची टाळी वाजवून स्वागत केलं आणि वहीत माझं नाव वळणदार अक्षरात लिहिलं. इथे आदराने पुरुषाला चे किंवा बाम्बो म्हणतात, बाईला अमाई. हवा थंड, पेरू गोड. दुपारी नसीमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा उकडलेला गोळा, आणि तळ्यातला चांबो मासा. शाकाहारी पूर्वजांची मनोमन क्षमा मागून काटाही चोखला.

कचेरी खरी चालवतात त्या अमाई तमांदा. त्यांनी खुर्ची दाखवली आणि म्हणाल्या, ही बाम्बो न्यिरोंगोंची. मी म्हटलं, होती. त्या म्हणाल्या, हो, तेच म्हणतेय मी.

मंगळवार, ६ मे

माझ्या आधीचे इथले साहेब न्यिरोंगो नोव्हेंबरात हिवतापाने गेले. अंत्ययात्रेला मीही होतो. तिथेही लोक त्यांच्या नीटनेटक्या कामाबद्दल बोलत होते. मेलेल्या माणसाशी स्पर्धा करू नये. तो नव्या चुका करत नाही.

माझी मुदत तीन महिने. तेवढ्यात ही कचेरी माझी म्हणून ओळखली गेली नाही तर परत ब्लांटायरला. आणि तिथलं माझं टेबल एव्हाना दुसऱ्याला दिलंय.

शुक्रवार, ९ मे

झोंबाच्या वाट्याला इंटरनेटचे चौसष्ट पत्ते. पन्नास चालू: शाळा, दवाखाने, एक लाकडाची वखार. उरलेले चौदा रिकामे. त्यातला एक न्यिरोंगोंच्या डोंगरावरच्या घराचा. आजवर आपण ब्लांटायरला चौसष्टही पत्त्यांची वाट एकेका ओळीत वेगळी कळवत होतो. मी सगळ्यांची मिळून एकच केली: या मालिकेतलं जे असेल ते झोंबाला धाडा. सूत्ररचनेत अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माचा आनंद होतो म्हणतात. मी त्रेसष्ट ओळी वाचवल्या. अमाई तमांदांनी पाहिलं आणि विचारलं, बाम्बोंची शेवटची ओळ ठेवलीत ना?

ती ओळ अशी: या मालिकेतलं जे आपल्याकडे नाही, ते इथेच खड्ड्यात टाका.

कारण साधं आहे. झोंबाला जे ठाऊक नसतं ते झोंबा वर ब्लांटायरला पाठवतं. ब्लांटायर म्हणतं, मालिका तुमची, घ्या परत. दोघं एकमेकांकडे बोट दाखवत राहतात. न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात. इथे नुसतंच भोवरा म्हणतात.

ओळ बरोबर होती. शेजारी त्यांची आद्याक्षरंही होती. मी ती पुसली. रिकाम्या घराला पत्र कोण धाडतं?

मंगळवार, १३ मे

एका रिकाम्या पत्त्यावर गर्दी आहे. न्यिरोंगोंच्या घराचा. तिकडे निघालेलं काहीतरी झोंबा-ब्लांटायर फिरतंय आणि संपत नाही. रोज वाढतंय. ओळ परत घालणं दोन मिनिटांचं काम. पण अमाई तमांदा पाठीशी उभ्या होत्या. त्यांच्यादेखत नाही.

गुरुवार, १५ मे

अमाई तमांदांनी आज दोन कप चहा केला. एक माझ्यासमोर ठेवला नाही. दुसराही नाही.

शुक्रवार, १६ मे

न्यिरोंगो आले आहेत. खुर्चीत बसलेत. कोटाच्या बाहीवर लाल माती. कुणाला काही वाटलं नाही. चे सैदींनी टाळी वाजवली. मी म्हटलं, यांना आपण पुरलंय. अमाई तमांदा म्हणाल्या, असं तोंडावर बोलू नये, बाम्बो; मोठी माणसं आहात ना तुम्ही?

भीती वाटायला हवी. आधी वाटलं ते हे, की त्यांना खुर्ची माझ्याहून शोभते.

सोमवार, १९ मे

ओळ परत घालायला बसलो. यंत्राने माझा सांकेतिक शब्द नाकारला. न्यिरोंगोंचा चालला. मी विनवलं, तेवढी ओळ घाला. ते सौम्यपणे म्हणाले, ती घातली तर मी कुठे जाईन, मोठे भाऊ? मग म्हणाले, तुमचं नाव या कचेरीच्या यादीत नाही, ब्लांटायरला विचारा.

ब्लांटायरला गेलो. तिथे म्हणाले, तुम्ही तर झोंबाचे. तिकडे जा.

बुधवार —

चे सैदी वहीत माझ्या नावापुढे आठ लिहितात. ब्लांटायरच्या फाटकावर सात. पुन्हा झोंबा, सहा. मी विचारलं, हे काय. चे सैदी म्हणाले, उरलेलं, बाम्बो.

आमच्या विद्येत तारेवरून जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक पाकिटाच्या कपाळी एक आकडा असतो. दर मुक्कामी एकाने कमी. शून्य झालं की पाकीट पुसून टाकतात, म्हणजे चुकलेलं जन्मभर फिरत नाही. फार दयाळू नियम, असं मी शिकवत असे.

—

पाच. चार. झोंबाच्या फाटकाला नुसता हात लावला तरी लिहितात. आत अमाई तमांदा हसत होत्या. न्यिरोंगोंशी. इतकं हसू माझ्या कुठल्या विनोदाला —

—

ब्लांटायर. एक.

—

नमाद्झीला उतरलोय, दोन्हींच्या मधोमध. टोमॅटोच्या पाट्या. मका भाजणारी बाई. इथे फाटक नाही, वही नाही. हललो नाही तर एक हा एकच राहील. बसून राहायचं. एवढंच तर करायचंय.

झोंबाहून आलेली मिनीबस थांबली. कंडक्टर म्हणतो, तिथल्या कचेरीच्या दारावर आज नवी पाटी चढतेय, पितळी, साहेबांच्या नावाची. कुठल्या साहेबांच्या, विचारलं. म्हणाला, ते मला काय ठाऊक, बाम्बो. बसा, परत तिकडेच निघालोय, दाखवतो.

जायचं नाही. नावच तर असणार. त्यांचंच असणार. पितळी —

माझं नाव त्यांनी नुसतं कागदावर लिहून दारावर चिकटवलं होतं.

—

गाडीत आहे. आत शिरणार नाही. रस्त्याच्या पलीकडून दिसेल. उतरलो. चे सैदी फाटकात वही उघडून उभे आहेत. पाटीवर ऊन पडलंय, अक्षर लागत नाही, फक्त दोन पावलं पुढे —