तोंडलीच्या मांडवातले कोळी

नाहूर,
६ ऑक्टोबर १९८५

ती. शकुवन्सं यांना नलिनीचा नमस्कार.

तुमचं पत्र गणपतीनंतर लगेच मिळालं. भावोजींचे गुडघे आता बरे आहेत हे वाचून जिवाला बरं वाटलं. त्यांना म्हणावं, माडावर चढायचे दिवस गेले, आता गडी बोलवा. कोकमं मिळाली. कुळथाची पिठी अजून पुरवून खातेय.

इकडे सगळं ठीक. पाऊस संपला, उकाडा सुरू झालाय. माझं औषधांच्या कंपनीतलं पॅकिंगचं काम चालू आहे. लेकीचं, सुलक्षणाचं पत्र होतं, तिला सातवा लागलाय. रत्नागिरीचा डॉक्टर चांगला आहे म्हणते. तिला तुम्ही काही लिहिणार असाल तर जरा जपून लिहा. म्हणजे, या दिवसांत तिला काळजी नको, एवढंच.

तुमच्या भावाच्या बागेबद्दल विचारलंत. बाग चांगली आहे. मिलने परत घेतलं नाही तेव्हापासून मागच्या पट्ट्यात राबत होते, ते तुम्ही मे महिन्यात बघितलंतच. अळू माजलंय. तोंडलीचा मांडव यंदा कंपाऊंडच्या भिंतीपर्यंत गेला. फक्त श्रावणात त्या मांडवात एक नवीन पाहुणा आला. कोळी. पण आपल्या घरातल्या माळ्यावरचा नव्हे. पाय पसरले तर माझ्या तळहाताएवढा, काळा, पाठीवर पिवळे पट्टे. जाळं मांडवापासून थेट भिंतीपर्यंत. उन्हात पिवळं चमकायचं, शालूच्या जरीसारखं. पहिल्या दिवशी मी कपडे वाळत घालायला गेले आणि तोंडावरच आलं. धागा इतका चिवट की सुटताना गालाला ओढ बसली. आम्ही इथं राहायला आल्यापासून असला प्राणी कोणी बघितला नव्हता.

मी झाडू घेऊन आले. तर हे आडवे आले. "तिका हात लावू नको. ती कोणाक काय करणा नाय."

ती. म्हणजे ती बाई आहे हेही ह्यांनी तोवर बघून ठेवलं होतं.

वन्सं, तुम्हाला ठाऊक आहे, संप फसला तसं ह्यांचं बोलणंच आटलं होतं. जेवायला वाढलं की जेवायचे, विचारलं तर हो-नाही. तो कोळी आला आणि बोलायला लागले. मी कामावरून आले की चहा टाकायच्या आत सुरू. आज तिने जुनं जाळं खाऊन टाकलं आणि नवीन विणलं. आज एक चतुर सापडला. आज कढीपत्त्याच्या बाजूला दुसरी दिसली. भाद्रपदापर्यंत मांडवात सात-आठ जणी झाल्या. मग मीही वाकून जायला शिकले. कपड्यांची दोरी दाराशी घेतली, तोंडली काढायची ती त्यांनीच काढायची, असं आमचं ठरून गेलं. भीती गेली नाही, पण सवय झाली. नवरा बोलत असला तर बाई कशाचीही सवय करून घेते.

एकदा मला हाताला धरून मांडवाखाली घेऊन गेले. तिच्या जाळ्याच्या कडेला एक बारीकसा तांबूस कोळी होता, तिच्या डोक्याएवढासुद्धा नसेल. "तो तिचो घोव," हे म्हणाले. "कडेक गप रवता. तिच्या जेवणातला उरला तर खाता." आणि हसले. तसल्या नवऱ्याचं मला हसू आलं नाही. घरात पगार आणणारी मी आहे. मी तोंडली घेऊन आत आले. तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं असं आता वाटतं.

मग चंद्रप्रकाशांच्या नातीचा हात सुजला. चंद्रप्रकाश म्हणजे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, तिसऱ्या मजल्यावर राहतात. पोरगी मागे खेळत होती, कोपरापर्यंत सूज, अंगात ताप. डॉक्टर म्हणाले, काहीतरी चावलंय, काय ते सांगता येणार नाही. पण इमारतीत सगळ्यांना ते आधीच ठाऊक होतं. संध्याकाळी खाली सगळे जमले. चंद्रप्रकाश वाईट माणूस नाही, वन्सं. शांतपणे म्हणाले, "परब, पोराबाळांची इमारत आहे. रविवारी माणूस आणतो, औषध फवारून घेतो. मांडवपण काढावा लागेल." मागून कोणीतरी म्हणालं, "घरी बसून दुसरं काय करणार, कोळी पाळणार." बायका हसल्या.

ह्यांनी मागे वळून बघितलं नाही. "फवारू नका. मी घेऊन जातो त्यांना."

"कुठं?"

"मुलुंडच्या डोंगरात. तिकडूनच आल्या असतील."

आणि खरंच नेल्या. डालड्याच्या मोठ्या डब्याच्या झाकणाला भोकं पाडली. काठीवर जाळं गुंडाळत तिला अलगद डब्यात सोडायचे, झाकण मी लावायचं. मान दुसरीकडे वळवून, पण लावलं. एकावेळी एकच, नाहीतर एकमेकींना मारतील म्हणाले. सकाळी डबा घेऊन जायचे, दुपारी रिकामा डबा घेऊन परत यायचे. पायात काटे, शर्टाला चिकटा, पण तोंडावर कामावरून आल्यासारखा भाव. जेवणही पहिल्यासारखं मागून घ्यायचे.

शनिवारी शेवटची राहिली होती, सगळ्यांत मोठी. तिला घेऊन गेले. "दुपारपर्यंत येतंय," म्हणाले. मी कामावर गेले.

आता हे लिहायलाच हवं. ते आले नाहीत. आठवडा उलटून गेला. सुरुवातीला लिहिणार होते की ह्यांचा तुम्हाला नमस्कार, नेहमी लिहिते तसं, आणि हात पुढे जाईना.

पोलिसात सांगितलं. हवालदार म्हणाला, भांडण झालं असेल, राग गेला की येतील. भांडण झालंच नाही हे त्याला कसं सांगू. हॉस्पिटलं फिरले. डोंगराच्या वाटेवर लाकूडफाटा आणणाऱ्या बायकांना विचारलं. डालड्याचा डबा घेतलेला माणूस बघितलाय म्हणतात, जाताना बघितलाय, परत येताना नाही. फवारणी ठरल्या दिवशी झाली. मांडव कापून भिंतीशी टाकलाय.

वन्सं, ते तुमच्याकडे आलेत का? मे महिन्यात तुम्ही गावी चल, शेती कर म्हणालात तेव्हा चिडले होते, तरी विचारते. आले असतील आणि कळवू नका म्हणाले असतील, तर कळवू नका. नुसतं कार्ड टाका, आणखी कोकमं पाठवू का म्हणून. मी समजेन. इतर काही विचारणार नाही.

खाली सौ. लिहितेय. दुसरं काही लिहायची माझी तयारी नाही.

सौ. नलिनी


नाहूर,
१७ नोव्हेंबर १९८५

ती. शकुवन्सं यांना नमस्कार.

तार मिळाली असेलच. तारेत "सुखरूप" एवढंच मावलं, बाकीचं आता लिहिते. तुमच्या कार्डात कोकमं नव्हती, "इथे नाही, भावोजी येतायत" असं होतं. भावोजी चार दिवस माझ्याबरोबर त्या दुखऱ्या गुडघ्यांनी हिंडले, ते मी विसरणार नाही.

भावोजी परत गेले आणि दसरा झाल्यावर ह्यांचा पत्ता लागला. माझ्याबरोबर पॅकिंगला कुंदा आहे. तिचा भाऊ डोंगराच्या पायथ्याच्या एका नर्सरीतून रोपं आणून विकतो. तो तिला म्हणाला, तिथे एक मालवणी माणूस राखणीला ठेवलाय, कोळ्याचं जाळं तोडू देत नाही म्हणून शेठशी भांडतो. कुंदाने मला हे डबा खाताना सांगितलं. मी तशीच निघाले.

हे बांबूची कुंपणं बांधत होते. दाढी वाढलेली, वाळलेले, पण अंगात ताकद दिसत होती. मला बघून उठले आणि लहान पोराने पाटी लपवावी तशी कोयती मागे धरली. मी रडणार, ओरडणार असं वाटत होतं. मी म्हणाले, "जेवलात का?"

"जेवलंय."

खोपटीत नेलं. वाटेवर दोन्ही बाजूंनी तीच जाळी, माणूस वाकूनच जाईल अशी. मी वाकले. पहिले दोन दिवस तापाने इथेच पडून होते म्हणाले, पाड्यावरच्या माणसांनी पेज दिली. मग शेठला माणूस हवा होता. मग राहिले.

"निरोप तरी धाडायचा. मी हॉस्पिटलातल्या बेवारशांची तोंडं बघत फिरले."

त्यांनी कोयती कुडाला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "चुकलाच माझा. पण इमारतीत पाय ठेवूक नको वाटता. जो भेटता तो एकच विचारता, परब, मिल कधी सुरू होतली? इथे कोण विचारणा नाय."

मी म्हणाले, "मी कधी विचारलं?"

"तू नाय विचारलंस. ताच जास्त लागायचा."

वन्सं, तीन वर्षं मी जीभ आवरून धरली, ती मला माया वाटत होती. त्यांना ती रोज टोचत होती. मग मी बोलले. मांडवाखाली हसले होते त्या दिवसाचंही बोलले. म्हटलं, मला पगाराचा गर्व नव्हता, तुम्ही कडेला बसता हे बघवत नव्हतं. ते ऐकून घेत राहिले. निघताना रस्त्यापर्यंत आले आणि म्हणाले, "दिवसभर उभी रवून तुझे पाय दुखतत काय गो?" किती दिवसांनी माझं काहीतरी विचारलं. मी नाही म्हणाले. बसमध्ये बसल्यावर मात्र मला आवरलं नाही.

घरी चला म्हटलं, तर आत्ता नको म्हणाले. गावी जायचं का, तर तिथेही आत्ता नको. दर रविवारी मी डबा घेऊन जाते. गेल्या खेपेला मासे नेले होते, दोघांनी खोपटीच्या दारात बसून खाल्ले. शेठ माणूस बरा वाटतो. सुलक्षणाला मी सगळं लिहिलंय. ती म्हणते, बाळ झालं की बाबांना आधी तिकडेच दाखवीन.

चंद्रप्रकाशांची नात केव्हाच बरी झाली. मांडव काढून दीड महिना झाला आणि परवा दुसऱ्या मजल्यावरच्या पोराला तशीच सूज आली. त्यावर कोणी काही बोललं नाही. चंद्रप्रकाश जिन्यात भेटले, मान खाली घालून म्हणाले, "वहिनी, परब कधी येणार?" दूधवाला विचारतो, शेजारीण विचारते, कंपनीत विचारतात. सगळे चांगल्या मनानेच विचारतात. आणि रोज निघायच्या आधी मी दार किलकिलं करून जिन्यात कोणी नाही ना ते बघते. ह्यांनी हे तीन वर्षं कसं सोसलं असेल, ते मला आत्ता कळतंय.

तेव्हा माझं एक ऐका. तुम्ही त्यांना पत्र लिहा, मी नेऊन देईन. गाय व्याली का ते लिहा, भात कसं झालं ते लिहा, भावोजींवर रागवा. ते कधी येणार, एवढं मात्र विचारू नका. त्यांना नको आणि मलाही नको.

तुमची,
नलिनी