वाटेत उघडलेला डबा

प्रिय घड्याळबाई,

या नावाने हाक मारायचा हक्क मी घालवलाय, ठाऊक आहे. तरी दुसऱ्या कुठल्या नावाने सुरुवातच होईना. चौदा महिन्यांत तुला अकरा पत्रं लिहिली आणि तिरीमिरीत फाडली. हे बारावं. एका बैठकीत संपवायचं नाही, असं ठरवलंय. जेवणाच्या तीन सुट्ट्या झाल्या, अजून चालूच आहे.

हल्ली मी पुस्तकबांधणीच्या कारखान्यात असतो. कॉलेज अर्ध्यात सोडलं तेव्हा तू म्हणाली होतीस, पुस्तकं तुला सोडायची नाहीत. खरं झालं, फक्त आता वाचायच्या ऐवजी शिवतो. आमचे मालक तोंडाचे फाटके, पण हात सोन्याचा. दुसरं पुस्तक दिसलं की मी पहिलं अर्ध्यात टाकतो, हे त्यांनी दोन दिवसांत ओळखलं. तेव्हापासून माझ्या टेबलावर एका वेळी एकच. खळ ओली असताना पुस्तक दाबाखालून काढलं म्हणून तीनदा शिव्या खाल्ल्या. एकदा ॲप्रन फेकून निघूनही गेलो. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने तोच ॲप्रन शोधत होतो. हसलीस ना?

मध्यंतरी ताईला माझ्या पलंगाखाली बिस्किटांचे रिकामे पुडे सापडले. पाच-सहा नव्हे, पोतंभर. तिने कान धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. काय सांगणार त्यांना? एकच खायचं म्हणून पुडा फोडायचा आणि भानावर यायचं ते तिसरा संपल्यावर. भूक नसतेच. पोट दुखत असतं, तरी हात थांबत नाही. बाईंनी शाळेचं विचारलं, कॉलेजचं, रागाचं. मला वाटलं, या भलतीकडेच चालल्यात. मग म्हणाल्या, लक्ष न टिकणं, तोंडातून शब्द सुटणं आणि ताटावरून हात न उठणं, ही पुष्कळदा एकाच घरची भावंडं असतात. सगळ्यांचं तसं नसतं, पण तुझं दिसतंय. तुझ्या मनाला लगाम आहे, तो उशिरा लागतो, एवढंच. जन्मभर हावरट, आळशी, भडकू ऐकत आलो होतो. तिथेच रडलो. आणि घरी येताना, हे आधी कुणीच का सांगितलं नाही, म्हणून ताईवरच उखडलो.

आता गोळ्या आहेत, आणि वेळच्या वेळी, ताट वाढून, बसून जेवायचं. दिवसभर विसरायचं आणि संध्याकाळी तुटून पडायचं, ते बंद. त्यासाठी मनगटावर एकचा गजर लावलाय. तो वाजला की मला बसथांब्यावरची तू दिसतेस, माझ्या उशिराची मिनिटं बोटांवर मोजणारी. रोज एक वाजता, न चुकता, मला तुझ्याजवळ वेळेवर पोचावंसं वाटतं. गेल्या महिन्यात दोनदा घसरलो. पण दोन्हीदा ताईला त्याच दिवशी सांगितलं. हे नवीन आहे.

आता ते, ज्यासाठी अकरा पत्रं फाडली. तुझ्या बाबांच्या ऑपरेशननंतर त्यांना पहिल्यांदा जेवायची परवानगी मिळाली, तेव्हा तू पहाटे उठून मऊ भात आणि सूप केलंस. तुला कामावर जायचं होतं, म्हणून डबा माझ्याकडे दिलास. दवाखान्याच्या जिन्यात मी नुसतं झाकण उघडून पाहिलं. भानावर आलो तेव्हा तळ दिसत होता. नळावर डबा घासला, झोपलेल्या बाबांच्या उशाशी ठेवला आणि पळालो. संध्याकाळी तू आनंदाने सांगत आलीस की बाबांनी सगळं संपवलं, आणि मी डबासुद्धा घासून ठेवला. म्हणालीस, "आता तुझ्यावर काहीही सोपवता येईल." त्यावर मी ओरडलो, मी तुझा नोकर नाही. तुला अजून कळलं नसेल, एवढ्या गोड बोलण्यावर हा का पेटला. मला ते कौतुक सोसवेना, गं. मग ना फोन, ना भेट.

गेल्या आठवड्यात तुझे बाबा कारखान्यात आले, पाठ निखळलेलं नकाशांचं पुस्तक घेऊन. मी खाली मान घालून पानं मोजत बसलो. ते म्हणाले, त्या दिवशी मी झोपलो नव्हतो रे, डोळे मिटून पडलो होतो. तुझ्या बाहीवर शीत होतं. शितावरून भाताची परीक्षा केली. तुला त्यांनी खोटं सांगितलं, माझी लाज राखायला. आणि तू अजून सगळ्यांना सांगतेस म्हणे, बाबांचा पहिला घास माझ्या हातचा होता. ते ऐकलं की त्यांना घास गिळवत नाही. जाताना दारात थांबून म्हणाले, "डबा पोचवला नाहीस, आता हे तरी पोचव." म्हणून हे पत्र. परत ये म्हणत नाही. तुझा तो घास मी दोनदा हिरावला, तेव्हा आणि आज. पुस्तक आज दाबाखालून निघालं, पूर्ण वाळून. उद्या बाबा न्यायला येतील, तेव्हा पत्र त्यांच्याच हाती देईन. ते वाटेत उघडणार नाहीत.

अजूनही तुझाच,
माचिस